कंसातले आवाज

१

सकाळची भांडी आवरली, फोरमनना चहाचा दुसरा कप दिला, की ती मागच्या खोलीत जाऊन बसे. खोली कसली, अडगळच. एक टेबल, एक कॉम्प्युटर, जुन्या कॅसेटी चालवणारं एक धूड आणि भिंतीला टेकवलेली डीव्हीडींची चळत. चौदा वर्षं तिचा हाच उद्योग होता. बाजारातल्या फोटोच्या दुकानात लोक आपापल्या समारंभांच्या कॅसेटी आणि फायली आणून टाकत, दुकानवाले काका त्या तिच्याकडे पाठवत आणि ती त्यांच्या डीव्हीडी करून देई. कुणाला चित्राखाली अक्षरं हवी असली, तर मजकूर गिऱ्हाईकच लिहून आणे. तिने फक्त वेळ जुळवायची, म्हणजे कुठली ओळ कधी उमटेल आणि कधी पुसली जाईल ते ठरवायचं. स्वतःच्या कानांनी ऐकून एक अक्षरही लिहायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती.

ती वेळ आली घरातूनच. तिचे यजमान छापखान्यात फोरमन होते. निवृत्त झाले तरी गल्लीला ते फोरमनच राहिले, आणि खरं सांगायचं तर तिलाही. अर्धे कान यंत्रांनी खाल्ले होते, उरलेले दोन वर्षांपूर्वीच्या तापाने नेले. आता शेजारी तोफ डागली तरी मान वळली नसती. ओठ वाचायला शिकायचं म्हणून त्यांनी एक पुस्तक आणलं होतं, पण त्या विद्येची गत अशी, की दूधवाला ‘उद्या सुट्टी’ म्हणाला तर यांनी ‘अभिनंदन’ म्हणून हात पुढे केला. एका लेकीचे ओठ तेवढे त्यांना अचूक कळत, कारण ती पहिल्यापासून तोंड भरून बोलायची. तिचं नावच त्यांनी टकळी ठेवलं होतं. टकळी लग्न होऊन दूरच्या शहरात होती. आठ वर्षं वाट पाहून, दोनदा हातातोंडाशी आलेलं गमावून, आता तिला सातवा महिना होता.

बाकीच्यांशी बोलणं फोरमननी हळूहळू सोडूनच दिलं. बायकोशी पाटीवर. ती लिही, ते मोठ्याने उत्तर देत, ती पुसे.

मग एके दिवशी ते म्हणाले, “आपले जुने व्हिडिओ दे ना करून. खाली लिही, कोण काय बोलतंय ते.” त्यांना ते टीव्हीसमोरच्या आपल्या खुर्चीतच बसून बघायचे होते आणि त्या म्हाताऱ्या टीव्हीला डीव्हीडीशिवाय काही कळत नव्हतं. तिला बरंच वाटलं. पहिल्या दोन-चार ओळी लिहून तिने दाखवल्या, तर फोरमनचं तोंड वाकडं.

“बोललेलंच लिहितेस तू. बाकीचं कुठे गेलं? दार वाजतं, नळ गळतो, कुणी खोकतं. माणसं काय रिकाम्या डब्यात बसून बोलतात?”

म्हणून तिने तेही लिहायचं ठरवलं. बोलणं साधं, आवाज कंसात. बहिऱ्यांसाठी असंच लिहितात, हे तिला ऐकून माहीत होतं. फोरमन शेजारी स्टूल घेऊन बसले आणि एकेक अक्षर उमटताना बघत राहिले.

२

पहिली फाइल या घरात राहायला आले त्या दिवसाची होती. फोरमन तरुण, डोक्यावर भरघोस केस, खांद्यावर पेटी. पायाने दार ढकलतात, दार करकरतं, ते आत येतात. तिने लिहिलं: [दार करकरतं]. वेळ जुळवली आणि पुढे गेली.

दुपारी सगळं जोडून झाल्यावर तिने हेडफोन लावून एकदा तपासलं. फोरमननी पायाने दार ढकललं. दार गुपचूप उघडलं.

तिने मागे जाऊन पुन्हा बघितलं. बाहेरून गेलेल्या बसचा भोंगा ऐकू येत होता. पेटी खाली ठेवल्याचा धप्प आवाज होता. करकर तेवढी नव्हती. तिने हेडफोन काढून झटकला, वायर हलवली, आवाज वाढवला. नाही म्हणजे नाही. मनातच ऐकलं असेल, तिने स्वतःला समजावलं. पंचवीस वर्षं त्याच दाराची करकर ऐकून कान पिकलेत, ते न वाजताच ऐकणार.

चार वाजता फोरमन दुधाची पिशवी घेऊन तिच्यासमोर उभे राहिले तेव्हा ती दचकली. ते बाहेर गेलेले तिला कळलं नव्हतं. परत आलेलेही नाही. ज्या दारामुळे शेजारच्या वहिनींना यांच्या घरची प्रत्येक ये-जा तोंडपाठ होती, ते दार दोनदा उघडलं होतं आणि दोनदा लागलं होतं.

तिने पाटीवर लिहिलं, ‘दाराला तेल घातलंत का?’

“तेल?” फोरमन म्हणाले. “का? अजून करकरतं का ते?”

बरोबरच होतं त्यांचं. तिने दार दहा वेळा उघडलं आणि लावलं. बिजागरीवरून बोट फिरवलं. बिजागरी कोरडी ठणठणीत होती आणि बोटाला गंज लागला.

३

दाराचं खूळ तिने डोक्यातून काढून टाकलं. नंतर घड्याळाची टिकटिक गेली. घड्याळ चालत होतं, काटे वेळेवर होते, आवाज तेवढा नव्हता. दोन दिवसांपूर्वी एका फायलीत तिने त्याची टिकटिक कंसात लिहिली होती. तिने खुर्चीवर चढून घड्याळाला कान लावला. मग स्वतःचंच हसू आलं. बाई गं, घड्याळं काय आणि माणसं काय, वय झालं की गप्प होतात. बॅटरी उतरली असेल.

उतरली नव्हती. नवी घालूनही ते मुकंच राहिलं.

खरं सांगायचं तर तिला विचार करायचाच नव्हता. कारण त्याच आठवड्यात टकळीच्या पाचव्या वाढदिवसाची डीव्हीडी झाली होती. दोनशे चौदा ओळी. टकळी खुर्चीवर उभी राहून कविता म्हणते, मधेच विसरते, आईला दटावते, बाबांच्या मिशा ओढते. तिने एक हुंकार सोडला नव्हता. [टकळी खिदळते]. [टकळी फुरंगटून नाक ओढते]. बाकीच्या पोरांचा कालवा लिहायचा मात्र तिने कंटाळा केला होता. कोण काय ओरडतंय, काही उमगत नव्हतं.

फोरमननी ती डीव्हीडी ओळीने चार वेळा बघितली. हसायच्या जागी हसले. चौथ्या वेळी डोळे पुसायला उठले आणि तसेच दाढी करायला गेले. दोन वर्षांत न सांगता केलेली ती पहिली दाढी. जेवताना बोलले, दूधवाल्याची चौकशी केली, तिला म्हणाले, “तुझे फार उपकार झाले गं.”

एवढ्यासाठी एक करकर आणि एक टिकटिक गेली तर गेली, असं तिने मनाशी म्हटलं. म्हटलं खरं.

४

टकळीचा फोन रोज अकराला यायचा. डीव्हीडी झाल्यावर तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, “आई, घसा बसलाय गं.” आवाज अगदी तळातून येत होता. पुढच्या दिवशी नुसताच घुसमटलेला वारा आला आणि फोन बंद झाला. मग मेसेज आला. ‘आवाज गेलाय पूर्ण. डॉक्टर म्हणतात घसा स्वच्छ आहे, काहीच सापडत नाही. बाळ मस्त. तू काळजी करू नकोस.’

तिने फोन खाली ठेवला. मग उठली, मागच्या खोलीत गेली आणि वाढदिवसाची फाइल लावली.

टकळी खुर्चीवर उभी होती. तोंड भरून कविता म्हणत होती. कविता ऐकू येत नव्हती. पोरांचा कालवा येत होता, टाळ्या येत होत्या, कुणाचा तरी फुगा फुटला तेही आलं. एकटी टकळी मुकी होती. चित्राखाली आवाजाची हिरवी पट्टी असते, आवाज असेल तिथे तिच्यात डोंगर उठतात. जिथे जिथे टकळीने तोंड उघडलं होतं, तिथे तिथे डोंगर बसले होते.

तिने ओळी पुसायला सुरुवात केली. एक, दोन, दहा, दोनशे चौदा. पट्टी हलली नाही. तिने कपाट उपसून मूळ कॅसेट काढली. त्या कॅसेटला तिने नव्याने हातसुद्धा लावला नव्हता, तिच्यात कसली अक्षरं नव्हती की काही नव्हतं. तिने ती धुडात सरकवली. पोरं ओरडत होती, फुगा फुटला. टकळी तोंड उघडत होती आणि मिटत होती.

ती अशा गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नव्हती. आयुष्यभर तिने वायरी तपासल्या होत्या आणि बिघाड नेहमी वायरीतच सापडला होता. फाइल खराब झाली असेल. कॅसेटला बुरशी लागली असेल. गरोदरपणात आवाज बसत असेल कुणाकुणाचा. तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या बघितल्या तर काहीच विशेष नव्हतं. त्या एकत्र बघायचं तिचं धाडस होत नव्हतं, आणि वेगळ्या बघणंही जमत नव्हतं.

त्या दिवसापासून टकळी अकराला व्हिडिओ कॉल करू लागली. तिचे ओठ हलत आणि फोरमन ते वाचून मोठ्याने सांगत. “म्हणतेय, पाय सुजलेत. म्हणतेय, जावयांनी काल दूध उतू घालवलं.” कानवाली बाई गप्प आणि बहिरा माणूस दुभाषी. फोरमनची छाती दोन इंच फुगली होती. बायकोच्या तोंडाचं पाणी पळालेलं त्यांच्या लक्षात आलं नाही.

५

मग टकळीने तो व्हिडिओ पाठवला. सोनोग्राफीच्या पडद्यासमोर फोन धरून तिने स्वतःच टिपला होता, बेचाळीस सेकंदांचा. खाली लिहिलं होतं, ‘बाळाचे ठोके. बाबांना लिहून दाखव ना गं, कसे वाजतात ते.’

तिने तो कॉम्प्युटरवर घेतला आणि हेडफोन लावून एकदाच ऐकला. कुणीतरी चिमुकलं माणूस, चिमुकल्या पावलांनी, जिना चढत असावं तसा आवाज. भरभर, न थांबता. तिला रडू फुटलं. आठ वर्षांनी हा जिना कुणीतरी चढत होतं.

फोरमन स्टूल ओढून बसले. त्यांना पडद्यावरची हिरवी पट्टी दिसत होती. “हे इतके सगळे ठोके?” त्यांनी पेन्सिलीचं टोक एकेका डोंगरावर ठेवत मोजले. “अठ्ठ्याण्णव. लिही, लिही.”

तिने पाटी घेतली. ‘हा नको.’

“का?”

‘दमले आहे.’

“मग उद्या कर.”

‘उद्या नाही. कधीच नाही. हा तसाच राहू दे.’

फोरमननी पाटी तिच्याकडे परत सरकवली. “अगं, दाराची करकर लिहिलीस,” ते म्हणाले. खोली दणाणली, कारण आपला आवाज केवढा आहे हे त्यांना कळत नसे. “नळाचं ठिबकणं लिहिलंस. आणि माझ्या नातवंडाचं एवढंसं मी ऐकू नये?”

तिने पाटी पुसली आणि लिहिलं, ‘मी लिहिते तो आवाज जातो. टकळीचा मीच–’ इथवर लिहून तिचा हात थांबला. हे वाचलं की पुढचं त्यांना कळायला क्षण लागला नसता. कुणासाठी लिहिलं, कुणाच्या हट्टापायी लेकीची वाचा गेली. दोन वर्षांनी माणूस कुठे दाढी करायला लागला होता. फोरमन वाकून बघायच्या आत तिने तळहाताने पाटी पुसून टाकली.

तिथे ती चुकली. पण त्या क्षणी कुठल्याही बायकोने हेच केलं असतं.

“बरं,” फोरमन म्हणाले. “दमली असशील.” आणि स्टूल जागेवर ठेवून बाहेर गेले. रागावले असते तर बरं झालं असतं.

६

तिने ठोक्यांची एक प्रत पेनड्राइव्हवर घेतली. घराबाहेर एक तरी असावी, एवढंच डोक्यात होतं. वाढदिवसाची फाइलही घेतली. दुपारी फोरमन आडवे झालेले बघून ती बाजारात दुकानवाल्या काकांकडे गेली. काकांकडे मोठी यंत्रं होती, गेलेला आवाज परत आणणारी.

काकांनी वाढदिवस लावला, पट्टी ताणून ताणून बघितली आणि चष्मा कपाळावर चढवला. “वहिनी, ही पोरगी या फायलीत बोललेलीच नाही हो.”

“बोललीय. मी ऐकून लिहिलंय, काका. दोनशे चौदा ओळी.”

“अहो, आवाज गेला की मागे काहीतरी खरखर उरते. इथे तेही नाही. स्वतःच्या लेकराचं काय, फोटोतूनसुद्धा ऐकू येतं माणसाला.” ते चांगुलपणाने बोलत होते, आणि तिला ओरडावंसं वाटत होतं.

“ही दुसरी बघा,” ती म्हणाली. “ही तरी ठीक आहे ना?”

काकांनी ठोक्यांची फाइल उघडली. हिरवे डोंगर शिस्तीत उभे होते, शाळेतल्या रांगेसारखे. “ही ठणठणीत आहे,” काका म्हणाले आणि गल्ल्यापाशी कुणी आलं म्हणून तिकडे गेले. तिने किती दिवसांनी पुरता श्वास घेतला. खुर्चीत मागे टेकून ती त्या डोंगरांकडे नुसती बघत बसली.

पहिला डोंगर खाली बसला.

पडदा लुकलुकला असेल. ती पुढे झाली. जिथे डोंगर होता तिथे सरळ रेघ होती. मग दुसराही बसला.

“काका, तुम्ही काही दाबलंत का?”

“मी इथून काय दाबणार, वहिनी?”

मध्ये पंधरा-एक सेकंद गेले आणि तिसरा बसला. पुन्हा तेवढेच सेकंद. या वेळाचं माप तिच्या ओळखीचं होतं. दोन बोटांनी एकेक अक्षर शोधून दाबायचं, कंस शोधायचा, मग माउस सरकवून बाण पुढच्या डोंगरावर न्यायचा. ताटातलं शेवटचं शीतही न सोडणारा, सावकाश काम करणारा माणूस. शेजारी स्टुलावर बसून त्याने महिनाभर सगळं बघितलं होतं.

तिने फोरमनना फोन लावला. लावल्यावर कळलं आपण काय करतोय. बहिऱ्या माणसाचा फोन पुढच्या खोलीत वाजत होता. मेसेज केला, तो वाचला गेला नाही. शेजारच्या वहिनींना लावला. “अहो, आमच्याकडे जा, यांना थांबवा, काहीही करा.” वहिनी धावल्या, पण दाराचं लॅच लागलेलं. “मी मघापासून बडवतेय,” त्या फोनवर म्हणाल्या, “पण त्यांना काय ऐकू येणार? झालंय काय एवढं?”

चौथा. पाचवा.

तिने पेनड्राइव्ह उपटला. मग वाटलं, याने काय होणार, आणि ती पळत सुटली.

७

घर चालत अर्ध्या तासावर होतं. दोन रिक्षा नाही म्हणाल्या, तिसरी मिळाली ती खणलेल्या रस्त्याच्या तोंडाशी अडकली. ती मनात मोजत होती. मिनिटाला चार. अठ्ठ्याण्णवातून आता किती गेले असतील? चाळीस? मधेच त्यांना तहान लागू दे. मधेच त्यांचा चष्मा हरवू दे. त्यांना काहीही होऊ दे, असंही तिच्या मनात येऊन गेलं आणि तिला स्वतःची भीती वाटली.

“बाई, दवाखान्यात जायचंय का?” रिक्षावाल्याने आरशातून विचारलं.

“नाही. घरी. भाऊ, जरा हाणा ना पुढे.”

“हाणतो, पण उडवू कशी?”

ती खणलेल्या रस्त्याशीच उतरली आणि पदर खोचून धावली. वयाच्या साठाव्या वर्षी बाई भर दुपारी रस्त्याने धावते म्हणून लोक थांबून बघत होते. बघू दे.

दारात शेजारच्या वहिनी उभ्या होत्या. तिने किल्ली फिरवली. तिच्याच धापेचा तेवढा आवाज होता.

८

मागच्या खोलीत दुपारचं ऊन टेबलापर्यंत आलं होतं. फोरमन पाठमोरे बसले होते. त्यांनी तिचा हेडफोन कानांवर लावला होता. ती काम करताना लावते, म्हणून. पडद्याच्या डाव्या बाजूला ओळींची माळ खाली खाली गेली होती. [ठोका]. [ठोका]. [ठोका]. त्यांचं बोट पुढच्या कंसावर होतं.

तिने धावत जाऊन त्यांचा हात धरला आणि कीबोर्ड ओढून जमिनीवर टाकला.

फोरमन दचकले, मग तिला बघून हसले. कपाळावर घाम होता. केवढं मोठं काम केल्यासारखा चेहरा. “आलीस? जरा उशिरा यायचं ना, संपतच आणलं होतं. तू दमतेस म्हणून म्हटलं आपणच करावं.” मग पडद्यावर बोट ठेवून कौतुकाने म्हणाले, “फार सोयीचं केलंय हं हे. ओळ बरोबर बसली की खालचा डोंगर मिटतो. झालं ते मिटलं, राहिलं ते उभं. तुझं बघून बघूनच कळलं मला. चुकायची भीतीच नाही.”

पट्टी सरळ होती. या टोकापासून जवळजवळ त्या टोकापर्यंत एक हिरवी रेघ, आणि अगदी शेवटी सात डोंगर उभे होते.

पिशवीतला तिचा फोन थरथरला. अकराची वेळ नव्हती. तिने उचलला तेव्हा पडद्यावर टकळीचा चेहरा इतका जवळ होता की कपाळ चौकटीबाहेर गेलं होतं. डोळे विस्फारलेले, केस मोकळे. ओठ भराभर हलत होते. आवाज नव्हता.

फोरमननी फोन तिच्या हातातून घेतला, डोळ्यांपाशी धरला आणि सवयीने वाचायला लागले. “म्हणतेय, आई. आई. हलत नाहीये, म्हणतेय. मघापासून हळूहळू कमी कमी, आणि आता हलतच नाहीये.” ते थांबले. “काय हलत नाहीये गं?”

तिने त्यांच्या कानांवरचा हेडफोन ओढून स्वतःच्या कानांना लावला. का, ते तिला सांगता आलं नसतं. सात उरलेत ते खरंच उरलेत का, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. तिने माउसचा बाण त्या टोकाला नेला आणि बटण दाबलं.

चिमुकली पावलं सात पायऱ्या चढली आणि थांबली.

“हललं!” फोरमन ओरडले. “हललं म्हणतेय, आत्ता!” मग त्यांचा चेहरा पुन्हा बारीक झाला. “थांबलं म्हणतेय.”

तिने बटण दाबलं. सात पायऱ्या.

“हललं म्हणतेय. रडतेय बघ वेडी. जावई दिसतायत मागे, गाडीची किल्ली शोधतायत.” थोडा वेळ गेला. “थांबलं.”

बटण दाबलं.

योगायोग असेल. बाळं हलतात, थांबतात, पुन्हा हलतात. डॉक्टरकडे पोचली की कळेल. तेच ते आपोआप वाजत राहायचं एक बटण तिच्या बोटाशीच होतं, पण ते लावून हात काढून घ्यायचा आणि बघत बसायचं, हे तिच्याने होईना. तिने पायाने खुर्ची ओढली आणि बसली.

“अगं, पण काय हलत नाही? कुणाबद्दल बोलतेय ती?” फोरमननी विचारलं, आणि विचारता विचारताच त्यांची नजर पडद्यावर गेली, डावीकडच्या ओळींच्या माळेवर. ते वाचत राहिले, वरपासून खालपर्यंत. मग त्यांनी आपल्या दोन बोटांकडे बघितलं.

त्यांनी पाटी तिच्यापुढे सरकवली. तिने तिला हात लावला नाही. तिचा एक हात बटणावर होता आणि दुसऱ्या हाताने तिने त्यांचं मनगट धरून ठेवलं होतं.

बाळंतपणाला अजून अकरा आठवडे होते. तिने पुन्हा बटण दाबलं.